सुट्टीच्या दिवसाची रिकामी फाइल

किल्लीची अक्कलदाढ त्या संध्याकाळी निघता निघता राहिली, आणि त्याला कारण लोकांची पाण्याची बिलं. ती दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आडवी होती. तोंडात कापसाचे बोळे, गाल बधिर, डोळ्यांवर दिवा. बाई पकड उचलणार एवढ्यात तिच्या पोटावर ठेवलेला फोन थरथरला. किल्लीनं हात वर केला, कापूस स्वतःच काढला, पिशवीतला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाकड्या झालेल्या ओठांनी फोनवर म्हणाली, "अी अघते." म्हणजे 'मी बघते'. पलीकडच्या माणसाला ते बरोबर कळलं, कारण तेवढंच ऐकायला त्यानं फोन केला होता.

"घरात कुणी आजारी आहे का हो?" बाईंनी काळजीनं विचारलं.

"ऑफिसचं होतं."

"मग तिथं दुसरं कुणी नाही का बघायला?"

"नाही," किल्ली म्हणाली. हे 'नाही' ती पूर्वी मान ताठ करून म्हणायची. त्या दिवशी ते कसंबसं लाळेबरोबर ओघळलं आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

तिला किल्ली हे नाव ऑफिसनं दिलं होतं, तिच्यावाचून तिथलं एक काम उघडायचंच नाही म्हणून. कंपनी मोठी, काचेच्या इमारतीतली, दारातल्या पायपुसण्यावरसुद्धा नाव छापलेली. किल्लीकडं जो प्रोग्रॅम होता तो पाणीपुरवठ्याची बिलं काढायचा. किल्ली जन्मली त्या सुमाराला कुणीतरी तो लिहिला होता, आणि आता कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत अशा भाषेत लिहिला होता. रोज संध्याकाळी मीटरचे आकडे यायचे, तो ते गिळायचा आणि सकाळपर्यंत बिलं तयार करायचा. फक्त त्यात एक मेख होती. चालू होताना तो आधी कालची फाइल शोधायचा. काल सुट्टी असली की फाइल नसायची, आणि मग हा पठ्ठ्या हट्टी पोरासारखा तिथंच बसून राहायचा. उपाय अगदी साधा होता. सुट्टीच्या तारखेची एक रिकामी फाइल बनवून त्याच्यापुढं ठेवायची. आत काहीही नाही, वर फक्त नाव. ती दिसली की त्याचं समाधान व्हायचं आणि तो पुढं निघायचा. ती आधीपासून करून ठेवण्याचीही सोय नव्हती, तो तिला जुनी समजून पुसून टाकायचा.

ही रिकामी फाइल किल्लीशिवाय कुणालाच माहीत नव्हती. त्यामुळं दर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जगात कुठंही असली तरी किल्ली प्रोग्रॅमला बांधलेली असायची. लोक सुट्टी लागून आली की गावाला जात, ही फोनला रेंज कुठं आहे ते आधी बघायची. तिचं लग्नही एकदा ठरता ठरता राहिलं. त्याची गोष्ट वेगळी आहे, पण तीतही फोनचा वाटा होताच.

ही मेख काढून टाकणं तिला जमत नव्हतं असं नाही. एका दुपारचं काम होतं ते. तिनं ती काढली नव्हती, कारण काकांनी सांगितलं होतं.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील ती लहान असतानाच गेले आणि काका-काकूंनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. काका कागदाच्या कारखान्यात बॉयलर चालवायचे. त्या बॉयलरला ते म्हातारा म्हणत, आणि संध्याकाळी घरी आले की काकू चहा ठेवायच्या आधी विचारायच्या, "म्हातारा कसा आहे?" काका सांगायचे, आज जरा कुरकुरला, आज खूश होता. शेजारच्या घरात बरीच वर्षं असा समज होता की काकांचे वडील कारखान्यात असतात.

काका म्हाताऱ्याला कानानं ओळखत. काट्यावर दाब दिसायच्या आधी त्यांना जाळाच्या आवाजात कळायचं. किल्ली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिनं यावरच आपला प्रकल्प केला. यंत्राचा आवाज ऐकून ते बरं आहे की बिघडणार आहे हे सांगणारा प्रोग्रॅम. त्यासाठी ती आणि तिची मैत्रीण रेकॉर्डर घेऊन बॉयलरच्या शेडमध्ये जायच्या. काका शेजारी उभे राहून मोठ्या आवाजात सांगायचे, आता बरा आहे, आता ऐक, पंप धाप टाकतोय, आता कुठंतरी वाफ चाललीय. घामानं अंगाला कपडे चिकटायचे, कान बधिर व्हायचे, आणि बाहेर आल्यावर दोघी एकमेकींशी ओरडून बोलत घरी यायच्या. मैत्रीण तशीही ओरडूनच बोलायची. एकदा सुरू झाली की थांबायची नाही म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. तेवढं सुख किल्लीला पुढं कधी मिळालं नाही. हे मी सांगतो म्हणून नव्हे, ती स्वतःच सांगायची.

कॉलेज संपलं तेव्हा रेडिओनं टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि यंत्रांचे आवाज ऐकण्याचाच धंदा करायचा ठरवला. एका पंप बनवणाऱ्यानं त्यांना येऊन बघा असं म्हटलंही होतं. "तू आलीस तर जमेल," ती किल्लीला म्हणाली. "नाही आलीस तरी जमवीन, पण मजा नाही येणार."

त्याच आठवड्यात काचेच्या कंपनीचंही बोलावणं आलं. कॉलेजात नोकऱ्या लावून देणारे एक सर होते. फाटकाशेजारच्या फलकावर नोकरी लागलेल्या किती मुलांचे फोटो लागले यावर त्यांची झोप अवलंबून असायची. ते सगळ्यांना एकच सांगायचे, "आधी मोठं नाव धरा. एकदा आत गेलात की मग हवं ते काम मागून घ्या." सर स्वतः कधी कुठं आत गेलेले नव्हते, हे त्या वयात कुणाच्या डोक्यात आलं नाही. तरी किल्लीनं सरांच्या सांगण्याकडं कानाडोळा केला असता. पण तिनं काकांना विचारलं.

"टायरच्या दुकानावर?" काका म्हणाले. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "बाळ, मला तुझ्या मशिनातलं काही कळत नाही. पण नोकरी मला कळते. मोठ्या जागी जा. आणि गेलीस की असं एखादं काम धर, जे दुसऱ्या कुणाला येत नाही. सगळं शिकवू नकोस कुणाला, थोडं हातचं राखून ठेव. तुझ्यावाचून त्यांचं घोडं अडलं पाहिजे. मग तुला कुणी हलवू शकत नाही."

यामागं एक मोठी गोष्ट होती आणि ती घरात सगळ्यांना पाठ होती. कारखान्यानं एकदा निम्मी माणसं कमी केली. काकांच्या बरोबरीचे, त्यांच्यापेक्षा शिकलेले, सगळे गेले. काका राहिले, कारण म्हातारा दुसऱ्या कुणाच्या हाताला येईना. काकू ती गोष्ट सांगताना दर वेळी शेवटी काकांकडं बघायच्या आणि काका दर वेळी पंख्याकडं बघायचे. ज्या माणसानं हे करून घर चालवलं, तिला वाढवलं, शिकवलं, त्याच्या बोलण्यावर किल्लीनं शंका तरी कशी घ्यायची? ती काचेच्या कंपनीत गेली.

दुसऱ्याच वर्षी तिला ती मेख सापडली. तिच्या आधीचा माणूस कायम सोडून जाताना कानात सांगून गेला होता, की सुट्टीनंतर रिकामी फाइल ठेव, का ते विचारू नकोस. तिला का ते कळलं आणि कशी काढायची तेही कळलं. घरी येऊन तिनं काकांना विचारलं. काकांनी नीट ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "राहू दे ती तशीच." ती तशीच राहिली.

काकांचा सल्ला शंभर टक्के खरा ठरला, आणि दुखणं तेच होतं. तिला कुणी हलवू शकलं नाही. कंपनीत नवा विभाग निघाला, कारखान्यांतल्या यंत्रांवर लक्ष ठेवणारा. किल्लीला ते ऐकून रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी ती साहेबांकडं गेली. साहेबांनी प्रेमानं खुर्ची दिली. "अहो, तुम्ही गेलात तर पाणी कोण बघणार?" ते म्हणाले. त्या वर्षी तिला उत्तम कर्मचारी म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काही वर्षांनी तिनं परत विचारलं, परत तेच वाक्य, परत घड्याळ. होता होता घरात तीन घड्याळं झाली आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळा दाखवायची. "पुढच्या खेपेला एखादी भिंत द्यायला सांग," काकू म्हणाल्या.

मध्ये दोनदा साहेबांनी तिच्या हाताखाली शिकायला माणसं पाठवली. हुशार, ताजी, नुकती कॉलेजातून आलेली. तिनं त्यांना सगळं शिकवलं, रिकामी फाइल सोडून. ती मुलं काही महिन्यांतच दुसरीकडं पळाली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की त्या जुनाट प्रोग्रॅममध्ये अडकू नका. किल्लीला त्यांचा राग आला नाही. आपल्याला असं सांगणारं कुणी भेटलं असतं तर, एवढंच तिच्या मनात आलं.

आवाज मात्र तिचा पिच्छा सोडत नव्हते. लिफ्टमध्ये उभी राहिली की ती दोराचा आवाज ऐकायची. ऑफिसातल्या थंड हवेच्या यंत्राचा पंखा घासतोय हे तिला आधी कळायचं, आणि चार दिवसांनी तो खरोखर बंद पडला की तिला चोरटा आनंद व्हायचा. मग वाटायचं, याचा उपयोग काय? रेडिओची बातमी इकडून तिकडून कानावर यायची. दोन खोल्यांच्या चार झाल्या, मग शेड झाली, जहाजांची यंत्रंही त्यांच्याकडं येऊ लागली. किल्लीला हेवा वाटायचा असं म्हणणं सोपं आहे. पण ते हेव्यासारखं नव्हतं. तिला ते काम हवं होतं. भूक लागावी तसं हवं होतं, आणि जेवणं मात्र शेजारच्या घरात चालली होती.

दाढेच्या त्या संध्याकाळनंतर दोनच दिवसांनी रेडिओचा फोन आला.

"मी तुला आत्तापर्यंत दोनदा विचारलं," रेडिओ म्हणाली. आज ती हळू बोलत होती. "हे तिसरं. एक जागा आहे. याच्यानंतर मी नाही विचारणार. तुला अवघडवायला मला आवडत नाही."

किल्ली दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभी राहिली आणि मला मोकळं करा म्हणाली. साहेब हसले. मग हसू आवरून त्यांनी करार दाखवला. पर्यायी माणूस पूर्ण तयार झाल्याशिवाय तिला सोडणं कंपनीवर बंधनकारक नव्हतं. "आणि तुमचा पर्याय कुठून आणू?" ते म्हणाले. "तुम्ही गेलात तर पाणी कोण बघणार?"

किल्ली घरी आली तेव्हा काका खिडकीपाशी बसले होते. कारखाना कधीच बंद पडला होता. म्हाताऱ्याला कापून भंगारात घातलं त्या दिवशी काका तिथं गेले नव्हते. आयुष्यभर त्याच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. कानात यंत्र असायचं, पण ते निम्मा वेळ खिशातच. किल्लीनं पिशवी खाली ठेवली आणि जे कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते बोलली.

"तुमचं ऐकलं म्हणून झालं हे."

"काय?"

"तुमचं ऐकलं म्हणून!"

"जरा मोठ्यानं बोल, यंत्र खिशात आहे."

राग मोठ्यानं आणि परत परत सांगावा लागला की त्याची पार दशा होते. तिसऱ्या वेळी तर समोरच्या घरातल्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. किल्लीला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. तिनं काकांच्या खिशातून यंत्र काढून त्यांच्या कानात बसवलं आणि खुर्ची ओढून शांतपणे सगळं सांगितलं. नवा विभाग, घड्याळं, रेडिओचं तीनदा विचारणं, साहेबांचं वाक्य.

"काय म्हणाला तो साहेब?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही गेलात तर पाणी कोण बघणार."

काकांनी पंख्याकडं बघितलं. मग नजर खाली आणली. "मला मालक म्हणाले होते, तुम्ही गेलात तर म्हातारा कोण बघणार."

"तुम्ही कुठं जाणार होता?"

"शाळेत." काका स्वयंपाकघराकडं बघत आवाज खाली आणून बोलू लागले, म्हणजे त्यांच्या मते खाली आणून. "बॉयलर चालवणाऱ्यांना शिकवायची शाळा निघाली होती. मला बोलावलं होतं. मालकांनी सोडलं नाही. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. घरी आलो, तुझ्या काकूला सांगितलं, माझ्यावाचून त्यांचं चालत नाही. ती पण खूश. शाळेत दुसरा गेला, माझ्याच हाताखालचा."

"वाईट वाटलं?"

"तेव्हा नाही. नंतर. शाळेत पोरं असतात. दर वर्षी नवी. शंभर प्रश्न विचारतात. इथं म्हातारा आणि मी. मग ते माणसं कमी करणं आलं, सगळे गेले, मी राहिलो. तेव्हा म्हटलं, बरंच झालं की. माणूस स्वतःची समजूत घालतोच कशीतरी. ती घालता घालता मला ते खरंच वाटायला लागलं, आणि तुलाही तेच सांगितलं."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मला माहीत होतं सगळं. आता दोघं जेवायला या."

दुसऱ्या दिवशी दुपारी किल्लीनं ती मेख काढली. कालची फाइल नसली तर सुट्टी समजून पुढं जा, अशा अर्थाच्या थोड्या ओळी. तिनं तपासून बघितलं, परत तपासून बघितलं. चहा थंड व्हायच्या आत काम संपलं. चौदा वर्षं ज्याला बांधलेली राहिली ते एवढंसं होतं हे बघून तिला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मग तिनं सुट्टीला लागून दोन दिवसांची रजा टाकली. तिच्या रजेचा अर्ज बघून विभागातला कारकून उठून उभा राहिला होता.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ती घरी फोन समोर ठेवून बसली. संध्याकाळ झाली, मीटरचे आकडे यायची वेळ झाली, टळली. तिनं फोन उचलून तो चालू आहे ना ते बघितलं. काकूंना दुसऱ्या खोलीतून फोन करायला लावला. वाजला. म्हणजे फोन ठीक होता. काचेच्या कंपनीला किल्ली लागली नाही, बिलं निघू लागली, आणि शहरात कुणालाही काही कळलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण जेवल्यावर. त्याआधी ती नुसती रडली.

रजेच्या दुसऱ्या दिवशी ती रेडिओच्या शेडवर गेली. लांबच लांब टेबलं, त्यांवर सुटे पंप, पंखे, मोटारी, त्यांना चिकटवलेल्या तारा, आणि कानांवर मोठाले हेडफोन लावलेली तरुण माणसं. ती एकमेकांशी जे बोलत होती त्यातलं निम्मं किल्लीला कळलं नाही. रेडिओ केस पिकलेली, चष्मा डोक्यावर सरकवलेली, पण बोलणं तसंच. ती तिला सगळीकडं फिरवून एका कोपऱ्यात घेऊन आली आणि पहिल्यांदाच गप्प झाली.

"उशीर झालाय का?" किल्लीनं विचारलं.

"झालाय," रेडिओ म्हणाली. "तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तू तेव्हा आली असतीस तर आज ही शेड आपल्या दोघींची असती. आता मी तुला वरची जागा देऊ शकत नाही. मधल्या काळात सगळं बदललंय. नवीन मुलांबरोबर पहिल्यापासून बसावं लागेल. चालेल?"

किल्लीनं तिकडच्या टेबलांकडं बघितलं. त्यांतली काही पोरं किल्ली कॉलेजातून बाहेर पडली तेव्हा नुकती शाळेत जायला लागली असतील. तिच्या गालावर, दाढ दुखत होती त्या बाजूला, उगाचच ठणका आला.

"पहिल्या दिवशी काय शिकवता?" तिनं विचारलं.

रेडिओच्या चेहऱ्यावर एकदम कॉलेजातलं हसू आलं. तिनं शेजारचे हेडफोन उचलून किल्लीच्या कानांवर ठेवले आणि बटण दाबलं. आधी नुसता घोंघाट आला. मग त्या घोंघाटातून एक आवाज, भरदार, ओरडून बोलणारा, कुणाचाही धाक नसलेला. आता बरा आहे. आता ऐक, पंप धाप टाकतोय. ऐकलंस? किल्लीनं टेबलाची कड धरली.

"जो नवीन येतो त्याला आम्ही पहिल्या दिवशी हेच ऐकवतो," रेडिओ सांगत होती, पण किल्लीनं हेडफोन काढले नाहीत.

रजा संपल्यावर ती साहेबांना भेटली. प्रोग्रॅम आता सुट्टीनंतर आपोआप चालतो, गेले दोन दिवस तसाच चालला, एवढंच तिनं सांगितलं. साहेबांनी समोरच्या पडद्यावर बघून खात्री केली. मग त्यांनी तिचा राजीनामा वाचला आणि सही केली. पाणी कोण बघणार असं ते या वेळी म्हणाले नाहीत. सही करायला त्यांना जितका वेळ लागला तेवढ्यात तिची चौदा वर्षं आटोपली. बाहेर पडताना दारातल्या पायपुसण्यावरच्या नावावर तिनं पाय नीट पुसले.

घरी आल्यावर तिनं एक छोटा स्पीकर खिडकीपाशी काकांच्या समोर ठेवला. काकांचं यंत्र कानात आहे ना ते बघितलं आणि रेडिओकडून आणलेलं रेकॉर्डिंग लावलं. बॉयलरच्या शेडमधला घोंघाट त्या छोट्या खोलीत भरला. काका पुढं झुकले. त्यांचा हात हवेत कसलातरी खटका ओढायला निघाला आणि मध्येच थांबला.

"म्हातारा," ते म्हणाले.

त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. मग घोंघाटातून तो माणूस बोलू लागला आणि काकांच्या कपाळावर आठी पडली.

"हा कोण मध्ये मध्ये बडबडतोय?" ते म्हणाले. "गप्प बसव त्याला. म्हाताऱ्याला ऐकू दे."

काकू हात पुसत दारात आल्या होत्या. त्यांनी तो आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला आणि पदर तोंडाशी नेला.

"तो शिकवतोय, काका," किल्ली त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "नवीन पोरं येतात ना रेडिओकडं, दर वर्षी, त्यांना पहिल्या दिवशी तोच शिकवतो. सोमवारी मी पण बसणार आहे त्यांच्यात."

काकांनी मान तिरकी करून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"बरा शिकवतोय," ते म्हणाले. "पण घाई करतो. पोरांना जरा वेळ द्यावा."

"काका, तुम्ही आहात तो."

काकांनी तिच्याकडं बघितलं, मग काकूंकडं. काकूंनी मान हलवली. रेकॉर्डिंग संपलं, खोलीत तिन्ही घड्याळांची आपापली टिकटिक राहिली.

"परत लाव," काका म्हणाले.

तिनं पहिल्यापासून लावलं. या वेळी काका म्हाताऱ्याला ऐकत नव्हते.